समुद्रावरची आजीबाई

पॅसिफिक महासागरात मिडवे नावाची लहानशी बेटं आहेत. तिथं अल्बट्रॉस पक्षी लाखोंनी जमतात. पंख पसरले की हा पक्षी साडेसहा फूट भरतो. वाऱ्यावर तरंगत तो शेकडो कोस जातो. पंख फारसे हलवीतही नाही.

१९५६ साली तिथल्या एका मादीच्या पायात खुणेचं कडं घातलं. तिला ‘विस्डम’, म्हणजे शहाणपण, असं नाव पडलं. २०२४ साली सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं पुन्हा अंडं घातलं! म्हणजे ती माझ्याहूनही वडील, बरं का.

ही जात वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी आळीपाळीनं ते उबवतात. पुढं पाच-सहा महिने पिलाला भरवतात. दोघांतला एक गेला, की पिलू उपाशी मरतं.

आणि जाण्याचं भय मोठं आहे. मासेमारीची जहाजं मैलोन्‌मैल दोर सोडतात. त्याला हजारो गळ असतात. आमिषावर झडप घालावी, तो गळ चोचीत अडकतो. दोर बुडतो, पक्षीही बुडतो.

पाण्यावर प्लॅस्टिकही तरंगतं. त्याला माशांची अंडी चिकटलेली असतात. आईबाप ते गिळतात, पिलाला भरवतात. पिलाचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही.

आता काही जहाजं मागं रंगीत फिती फडकत ठेवतात. आपल्या शेतातलं बुजगावणंच ते! पक्षी बिचकून गळापासून लांब राहतात.