कोपरा सांभाळणारा गडी

अमेरिकेतील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा आहे. तेथे चेंडू हाती घेऊन धावतात, आणि धावणाऱ्यास वाट करून देण्यासाठी पाच धिप्पाड गडी पुढे उभे राहून प्रतिपक्षाचा भार अंगावर घेतात. जयघोष मात्र धावणाऱ्याचा होतो. आपल्या कबड्डीत असे कष्टाचे स्थान कोपरारक्षकाचे होय.

पुरुषांचे कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. चढाई 30 सेकंदांची. सात गडी हातांत हात गुंफून उभे राहतात. त्या साखळीच्या टोकांना कोपरारक्षक असतात. चढाई करणारा निदानरेषा ओलांडून खोल येईपर्यंत त्यांनी धीर धरावयाचा आणि योग्य क्षणी त्याचा घोटा किंवा मांडी धरावयाची. हात क्षणभर आधी पडला आणि तो निसटला, तर आपला गडी बाद व गुण प्रतिपक्षास. पकड बसली, तरी शेजारचा गडी धावून आला नाही तर ती टिकणे कठीण. म्हणून या स्थानी बळाइतकेच संयमाचे व परस्परविश्वासाचे मोल आहे.

महाराष्ट्राचा गिरीश इरनाक हा असाच डावा कोपरारक्षक. प्रो कबड्डी स्पर्धा 2014 साली सुरू झाली व या खेळास व्यवसायाचे रूप आले. गिरीश तीत पुणेरी पलटणसारख्या संघांतून खेळला. 2018 च्या प्रारंभी हैदराबाद येथे सेनादलास हरवून महाराष्ट्राने 11 वर्षांनंतर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्या संघात तो होता. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघातही त्याची निवड झाली. 1990 पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणारा भारत तेथे उपांत्य सामन्यात इराणकडून 18-27 असा हरला व कांस्यपदकावर थांबला. एकाच वर्षात शिखर आणि पराभव, दोन्ही! तरीही गिरीश पुढील हंगामात पुन्हा आपल्या कोपऱ्यावर उभा राहिला. भारतानेही ते सुवर्णपदक 2023 साली हांगझोऊ येथे परत मिळविले.

सातपाटीच्या मुलांस हे समजावून सांगावयास नको. नाव तांडेलाचे होते. पण जाळे वर येते ते दोर ओढणाऱ्या सर्व खलाश्यांच्या बळावर. पालकांसही एक विनंती आहे. खेळाडूचे आयुष्य अल्प असते, एका दुखापतीनेही ते संपू शकते. म्हणून मुलास मैदानावर अवश्य पाठवावे, परंतु पुस्तक सोडू देऊ नये. आणि मुलांनो, चढाईची हौस सर्वांसच असते. संघात कोपरा रिकामा दिसला, तर तेथे आनंदाने उभे राहावे.