एक आवाज, चार चेहरे

गाण्याचे चित्रण म्हटले की आपणांस प्रथम पार्श्वगायन आठवते. ओठ एकाचे हलतात आणि आवाज दुसऱ्याचा असतो. पण हा संकेत आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कोणाला काही खटकत नाही. रॉक संगीताच्या चित्रफितींनाही असे संकेत असतात. ते संकलनातून कसे उभे राहतात, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणावरून पाहू.

हे उदाहरण म्हणजे ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाची १९७५ सालची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. तिचा रचनाकार व गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फरोख बलसारा. या पारशी मुलाचे शिक्षण आपल्या पाचगणीला झाले आणि शाळेत असतानाच त्याने मित्रांसह पहिला वाद्यवृंद काढला. दिग्दर्शक ब्रूस गोवर्स यांनी ही फीत दूरचित्रवाणीसाठी केली. चित्रण अवघ्या काही तासांत उरकले.

गीत सुमारे सहा मिनिटांचे आहे. त्याच्या प्रत्येक भागाला वेगळा दृश्यनियम आहे. आरंभी वाद्ये नाहीत, म्हणून रंगमंचही नाही. काळोखात फक्त चार चेहरे दिसतात. पुढचा संथ भाग सुरू होताच आपण रंगमंचावर येतो. मधल्या नाट्यमय भागात पुन्हा काळोख व चेहरे. गिटारचा दणका बसताच प्रकाशाचा झोत येतो आणि रंगमंच परततो. म्हणजे स्थळ कधी बदलायचे, हे येथे संगीत ठरवते.

मधल्या भागात चेहरे येण्यास व्यावहारिक कारण होते. ध्वनिमुद्रणात तिघांचे आवाज एकावर एक अनेकदा चढवले होते. तो समूह रंगमंचावर उभा करणे अशक्य. प्रत्यक्ष मैफलीत या भागाला ध्वनिफीत लावून कलावंत आत जात. फितीत ती उणीव चेहऱ्यांनी झाकली. कॅमेरा त्याच्याच दृश्यपटासमोर धरून एका चेहऱ्याची रांग दूरवर लांबवली, की कानाला ऐकू येणारा प्रतिध्वनी डोळ्यांनाही दिसतो. ही किमया संकलनाच्या टेबलावर नव्हे, चित्रणाच्या वेळीच साधली.

नाशिककरांना ही रीत परकी वाटू नये. दादासाहेब फाळक्यांनी येथील हिंदुस्थान फिल्म कंपनीत १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला. त्याच्या आरंभी कन्या मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे नाना भाव दाखवले आहेत आणि मग तोच चेहरा कृष्णरूपात विरघळतो. चेहरा हेच दृश्य, ही कल्पना मूकपटाच्या काळातली आहे.

आता मुख्य मुद्दा. आरंभीच्या भागातले सर्व आवाज एकट्या मर्क्युरीचे आहेत; ओठ मात्र चौघांचे हलतात. जॉन डीकन तर मधल्या भागातही गायलेला नाही. आपल्या चित्रपटात एक चेहरा दुसऱ्याचा आवाज उसना घेतो; येथे एक आवाज चार चेहरे उसने घेतो. असे का? कारण रॉकचा श्रोता एकट्या गायकाला नव्हे, ‘वृंदा’ला मानतो. ती एकजूट ध्वनीत नव्हती. ती चित्राने पुरवली.

विद्यार्थ्यांनी एखादे चित्रित गीत प्रथम डोळे मिटून ऐकावे, मग आवाज बंद करून पाहावे. कानाने मोजलेली माणसे आणि डोळ्याने मोजलेली माणसे यांचा हिशेब जेथे जुळणार नाही, तेथे संकेत सापडेल.