तक्ता वाचता येतो, मोती ओवता येत नाही

माझी दृष्टी ६/६ आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला ज्याला मी माझी तक्रार सांगितली, त्याने हाच आकडा माझ्या तोंडावर मारला. डॉक्टरांनी, नवऱ्याने आणि ‘हौस तुझीच होती गं’ म्हणणाऱ्या नणंदेनेसुद्धा.

गेली एकोणीस वर्षं मी घरी नथी गुंफते. रविवार पेठेतल्या दोन सराफांचं काम माझ्याकडे येतं. बारीक मोती, केसासारखी तार आणि मोत्याचं भोक म्हणजे टाचणीचं टोक. दोन्ही डोळ्यांना उणे चारचा नंबर होता, सातवीपासून चष्मा. कामाला बसले की चष्मा कपाळावर ढकलायचा आणि नथ वीतभर अंतरावर धरायची. बेचाळिशीनंतर बरोबरीच्या बायकांना सुई ओवायला पोरांना हाका माराव्या लागायच्या, मला कधीच नाही. ही माझ्या हाताची करामत, असंच मी समजत होते.

ती करामत नंबराची होती. हिशेब साधा आहे. १०० ला आपल्या उणे नंबराने भागायचं. जो आकडा येईल तितक्या सेंटिमीटरवर चष्म्याशिवाय आपोआप स्वच्छ दिसतं. चारच्या नंबराला २५ सेंटिमीटर, दोनच्या नंबराला ५०. लेझर डोळ्याच्या वरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार बदलतं आणि हा नंबर पुसतं. चाळिशीत कडक होत जातं ते आतलं भिंग, त्याला लेझर हातही लावत नाही. म्हणजे लांबचं मिळतं आणि जवळचं जे फुकट मिळत होतं, ते जातं. एवढी चार वाक्यं मला चव्वेचाळिसाव्या वर्षी लेझर करून घेण्याआधी कोणीतरी सांगायला हवी होती.

मी जाहिरातीला भुलून गेले नव्हते, हे मला ठासून सांगायचं आहे. तीन ठिकाणी चौकशी केली. कॉर्नियाची जाडी मोजून घेतली, ५४० मायक्रॉन भरली. लेझरसाठी कापून उचलतात तो वरचा पापुद्रा साधारण ११०, चार नंबर काढायला साठेक, म्हणजे खाली ३७० उरणार. किमान २५० उरावेत असं मानतात, बरेच सर्जन ३०० धरून चालतात. त्या बाजूने माझं सगळं चोख होतं. चुकलं ते दुसरीकडे. समुपदेशक बाईंनी वय विचारलं, नंबर विचारला, पैसे कसे भरणार विचारलं. ‘मॅडम, तुम्ही काम काय करता?’ हे कोणी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तर म्हणाल्या, ‘मग तर तुम्हाला खूपच सोपं पडेल.’ हे वाक्य माझ्या अजून कानात आहे.

शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. दुखलं नाही, जळल्यासारखा वास आला, अर्ध्या तासात बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी, टाकीवरची अक्षरं दिसली आणि मी रडले. ते रडणं खरं होतं, ते मी नाकारत नाही.

पंधरा दिवसांनी कामाला बसले. लग्नसराईच्या बावीस नथी द्यायच्या होत्या. ताटलीत मोती ओतले, तार उचलली आणि सवयीने हात कपाळाकडे गेला, चष्मा वर ढकलायला. चष्मा नव्हताच. खाली पाहिलं तर मोत्यांच्या जागी पांढरा धुरकट डाग. मोती लांब धरला की कडा दिसे, पण भोक इतकं लहान होई की तार बाजूने निसटे. दिवा जवळ ओढला. डोळे बारीक केले. पाऊण तासात एक मोती ओवला गेला. मी ताटलीवर रुमाल टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत राहिले.

दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी तक्त्यासमोर बसवलं. शेवटची ओळ वाचून घेतली आणि सहायकाला म्हणाले, ‘उत्तम रिझल्ट आहे.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, मला जवळचं दिसत नाही.’ ते म्हणाले, ‘ते वयाने होतं, ताई. सगळ्यांनाच होतं.’ मी म्हटलं, ‘मला होत नव्हतं.’ तेव्हा त्यांनी फाइल उघडून संमतिपत्र काढलं. इंग्रजीत, बारीक टायपात एक ओळ, चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागू शकतो. खाली माझी सही. तो कागद माझ्या हातात आला होता शस्त्रक्रियेच्या दिवशी, डोक्यावर टोपी चढवल्यावर, ८५,००० रुपये भरून झाल्यावर. त्यांनी त्या ओळीवर पेन टेकवून ठेवलं, मी मान हलवेपर्यंत. डोळ्यांपेक्षा त्या पेनाचा राग मला जास्त आहे.

आता अडीचचा जवळचा चष्मा लावून मी काम करते. मान वर केली की घड्याळ धुरकट, चष्मा काढला की मोती धुरकट. शिवाय डोळे कोरडे. पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळ्याला आपण कोरडे झालो हे नीट कळतच नाही. आठ महिने मी दिवसातून चार-पाच वेळा थेंब घातले. आता बरंच बरं आहे, पण पंख्याखाली बसवत नाही.

तुमचं वय अडतीसच्या पुढे असेल तर पैसे भरण्याआधी एक गोष्ट करा. दोन्ही डोळ्यांना पूर्ण नंबराच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर तुमचं रोजचं जवळचं काम करा. शिवण, हिशेबाच्या वह्या, औषधाच्या पट्टीवरची तारीख, जे असेल ते. लेझरनंतर जवळचं साधारण तसंच दिसणार. नाही जमलं तर एका डोळ्यात थोडा उणे नंबर शिल्लक ठेवता येतो का, ते विचारा, आणि तोही प्रयोग आधी लेन्स लावूनच करा. काहींना दोन डोळ्यांतला फरक सोसत नाही. मला हा पर्याय शस्त्रक्रियेनंतर कळला.

कॉर्नियाचा नकाशा काढण्याआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे बंद असायला हव्यात, कडक लेन्स त्याहून जास्त. नाहीतर लेन्सने दबलेला आकारच मोजला जातो. डोळ्यांचा ओलावा मोजून घ्या. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, एवढंच. डोळे चोळायची सवय असेल किंवा घरात कोणाला केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होत पुढे येण्याचा आजार, असेल तर लपवू नका. नंबर गेला तरी मागचा पडदा जास्त नंबरवाल्याचाच राहतो, म्हणून बाहुली मोठी करून तो तपासणं पुढेही चुकवायचं नाही. संमतिपत्र दोन दिवस आधी मागून घरी आणा. सोबत कोणीतरी न्या. घाई करू नका. आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, नकाशे, जाडीचे आकडे यांच्या प्रती जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढताना त्या लागतात. माझ्या प्रती मागायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या.

खालच्या मजल्यावरची तेवीस वर्षांची मुलगी विचारायला आली होती. नंबर तीन, दोन वर्षांत बदललेला नाही. तिला मी म्हटलं, तपासण्या नीट झाल्या तर खुशाल कर. तिची आई सत्तेचाळीसची, तीही म्हणाली, दोघींचं एकदमच उरकू, सवलत मिळते आहे. तिला मी लेन्स लावून यायला सांगितलं आणि समोर सुपात तांदूळ ओतून निवडायला बसवलं. दहा मिनिटांनी तिने सूप माझ्याकडे सरकवलं.