मका आणि चवळी : चाऱ्याचे दोन सोबती

जनावरांच्या वैरणीवरील लेख शाळेच्या वार्षिकात पाहून काही विद्यार्थ्यांस नवल वाटेल. परंतु ज्यांच्या दारी एखादी तरी गाय, म्हैस किंवा बैलजोडी उभी आहे, अशी मुले आमच्या वर्गांत थोडी नाहीत. शाळेत येण्यापूर्वी हातात विळा घेऊन बांधावर जाणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या रोजच्या कामामागे केवढे शास्त्र दडलेले आहे, हे त्यांस कोणी सांगत नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. शेतकी हा आमचा विषय नव्हे. तरीही एका प्रसंगाने आम्हांस या विषयाकडे वळविले.

काही वर्षांपूर्वी श्रावणात पावसाने मोठी ओढ दिली होती. तेव्हा आमचा एक विद्यार्थी दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो मान खाली घालून बसला. चौकशी करता कळले की, त्याच्या घरचा बैल दावे तोडून ज्वारीच्या शेतात शिरला होता. ज्वारी गुडघ्याएवढी, पाण्यावाचून कोमेजलेली. बैलाने ती खाल्ली आणि तासाभरात तो गतप्राण झाला. "गुरुजी, त्याने तर आपलाच चारा खाल्ला होता!" असे तो मुलगा म्हणाला. त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे हाती आले, तेच या लेखात मांडले आहे.

आपल्या भागातील जुनी रीत

बुऱ्हाणपूर हे तापीच्या काठचे नगर. एका बाजूस निमाड, दुसऱ्या बाजूस खानदेश. दोन्हीकडची काळी जमीन ज्वारीची म्हणून प्रसिद्ध होती. खानदेशातील रब्बीची दादर ज्वारी माणसास भाकरी देई व गुरांस गोड कडबा. निमाडचे तांबडे, पांढऱ्या ठिपक्यांचे निमाडी बैल याच कडब्यावर पोसले गेले.

तथापि जुना शेतकरी नुसती ज्वारी क्वचितच पेरीत असे. तिफणीने ज्वारीच्या ओळी पेरताना मागे दोरीने बांधलेली एक पोकळ नळी असे. तिला सरते म्हणतात. तीतून तुरीची, मुगाची, उडदाची किंवा चवळीची ओळ पडे. दाणा घरात येई. पाला, शेंगांची टरफले व भुसकट गोठ्यात जाई. इंदूर येथे 1924 साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी भारतीय शेतकऱ्याच्या या पद्धतीची आवर्जून नोंद घेतली. तृणधान्याबरोबर कडधान्य पेरणे हा येथील शेतीचा जणू नियमच आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. परदेशांतही हे ज्ञान निराळे नव्हते. अमेरिका खंडातील मूळ रहिवासी मका, घेवडा व भोपळा ही तीन पिके एकत्र लावीत आणि त्यांस तीन बहिणी म्हणत.

आमची मातृभाषा कोंकणी. गोव्यात चवळीस आम्ही 'अळसांदे' म्हणतो. तेथे भात कापल्यावर त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरतात. म्हणजे तिकडे ही सोबत एकामागून एक, तर इकडे शेजारी शेजारी. रीत वेगळी, परंतु शहाणपण एकच.

आज चित्र पालटले आहे. 1964 साली सी.एस.एच.-1 हे ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात आले. ते बुटके व दाण्यासाठी निर्माण केलेले होते. पुढे सोयाबीन आले, कापूस होताच, आणि पाणी असलेल्या जमिनीत केळी पसरली. या पिकांनी घरात पैसा आणला, हे नाकारता येणार नाही. पण कडब्याच्या गंजी मात्र लहान झाल्या, आणि वैरण ही विकत आणण्याची वस्तू होऊन बसली. केळीचे खुंट गुरांपुढे टाकतात खरे. परंतु त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते.

पोटातील लहान गुरे

गाय चारा खाते, असे आपण म्हणतो. अधिक खरे सांगावयाचे तर गाय आपल्या पोटातील कोट्यवधी सूक्ष्म जीवांस चारा घालते. तिच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यात हे जीव राहतात व कडब्यातील चिवट धागे कुजवून पचण्याजोगे करतात. या कामासाठी त्यांस स्वतःच्या पोषणाकरिता नत्र लागते, आणि ते चाऱ्यातील प्रथिनांतून मिळते. एकूण चाऱ्याच्या सुक्या वजनात सुमारे 7 टक्क्यांहून कमी प्रथिने असली, की हे जीव उपाशी राहतात. मग पोट भरलेले असूनही कडबा नीट पचत नाही, आणि भरल्या गव्हाणीपुढे उभी असलेली गाय रोडावत जाते.

आता थोडे गणित करू. एका मध्यम गाईस दिवसाला सुमारे 10 किलो सुका चारा लागतो. कडब्यात प्रथिने सुमारे 4 टक्के, मक्याच्या हिरव्या चाऱ्यात सुक्या वजनाच्या सुमारे 9 टक्के व चवळीच्या चाऱ्यात सुमारे 18 टक्के धरू. हिरव्या चाऱ्यात पाणी पुष्कळ असते. म्हणून 20 किलो हिरवा चारा म्हणजे सुमारे 4 किलो सुका.

नुसता 10 किलो कडबा घातला, तर प्रथिने 400 ग्रॅम, म्हणजे 4 टक्के. 6 किलो कडबा व 20 किलो हिरवा मका घातला, तर 240 आणि 360 मिळून 600 ग्रॅम, म्हणजे 6 टक्के. परंतु त्याच 20 किलोंत सुक्या वजनाने दोन वाटे मका व एक वाटा चवळी असेल, तर मिश्रणात प्रथिने 12 टक्के होतात. मग 240 आणि 480 मिळून 720 ग्रॅम, म्हणजे 7.2 टक्के. कडबा तोच, हिरव्या चाऱ्याचे वजनही तेच. पण सातची रेषा ओलांडली ती चवळीने. चवळी आपल्यापुरतेच पोषण देते असे नव्हे. ती सोबतच्या कडब्यासही पचनी पाडते. दुभत्या जनावरास याहून अधिक लागते, हे खरे. तेव्हा सरकीची पेंड अगदीच सुटत नाही. परंतु तिचा खर्च हलका होतो.

मुळांवरील गाठी

चवळीस एवढे नत्र मिळते कोठून? आपल्या भोवतीच्या हवेत सुमारे 78 टक्के नत्रच आहे, पण कोणतेही झाड ते थेट घेऊ शकत नाही. 1886 साली हेलरीगेल व विलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडास उपयोगी रूपात आणून देतात. त्या जिवाणूंस आज रायझोबियम म्हणतात. झाड त्यांस साखर पुरविते, ते झाडास नत्र पुरवितात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चवळी शेजारच्या मक्यास आपले नत्र वाटून देते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्याच हंगामात मक्यास तिच्याकडून फारच थोडे मिळते. खरा लाभ निराळा आहे. मका जमिनीतील नत्र भराभर उचलतो, म्हणून चवळीस हवेतील नत्रावर अधिक भिस्त ठेवावी लागते. आणि ती तसे करते म्हणून जमिनीतील नत्रावर दोघांचे भांडण होत नाही. मका उंच वाढून वरचे ऊन घेतो. चवळी खाली पसरून उरलेले ऊन घेते, जमीन झाकते व तण दाबते. चांगल्या शेजाऱ्यांत देणेघेणे थोडे असले तरी चालते. एकमेकांच्या वाट्यावर हात न टाकणे हे अधिक महत्त्वाचे.

पेरणी व कापणी

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी थोडी भिजवणीची जमीन आहे, त्यांनी वडिलांच्या संमतीने एका गुंठ्यावर, म्हणजे एकराच्या चाळिसाव्या भागावर, हा प्रयोग करावा. जमीन भुसभुशीत करून शेणखत मिसळावे. एक फूट अंतराने ओळी पाडाव्यात. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ. अशा एका गुंठ्यास सुमारे अर्धा किलो मका व दीडशे ग्रॅम चवळी पुरते. चवळीच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियमचे संवर्धक गुळाच्या पाण्यातून चोळून सावलीत वाळवावे.

चाऱ्यासाठी मक्याचे आफ्रिकन टॉल हे उंच वाण प्रसिद्ध आहे. पेरणीनंतर सुमारे 50 दिवसांनी, मक्यास तुरे येऊ लागले व चवळी फुलांवर आली की कापणीस आरंभ करावा आणि दोन्ही एकत्र कापावीत. पीक फार जून झाले, तर ताटे कठीण होतात व प्रथिने घटतात. पाणी व खत वेळेवर मिळाल्यास एका गुंठ्यातून 400 किलोंच्या आसपास हिरवा चारा निघू शकतो. रोज 20 किलोप्रमाणे तो एका गाईस 20 दिवस पुरेल. म्हणून चार गुंठे घेऊन दर 20 दिवसांनी एकेक गुंठा पेरला, तर एक संपेतो दुसरा तयार होतो. थंडीत मक्याऐवजी ओट व चवळीऐवजी बरसीम घ्यावे. चारा जास्त झाल्यास त्याची कुट्टी करून, हवा न लागेल असा दाबून मुरघास करता येतो. मक्यातील साखरेमुळे तो चांगला मुरतो. नुसत्या कडधान्याचा तितका चांगला मुरत नाही.

सावधगिरीच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर होय. ज्वारीच्या कोवळ्या पानांत एक द्रव्य असते. जनावराने ती चावली की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष तयार होते. पावसाने ओढ दिलेल्या खुरट्या ज्वारीत व कापणीनंतरच्या नव्या फुटव्यांत ते सर्वांत अधिक असते. पीक फुलोऱ्यावर आल्यावर ते घटते, आणि नीट वाळलेल्या कडब्यात फारच थोडे उरते. म्हणून मक्याऐवजी ज्वारी पेरली असेल, तर ती फुलोऱ्यापूर्वी कापू नये व तीत गुरे सोडू नयेत. चवळी सोबत असली, तरी हा धोका टळत नाही. विषबाधेची शंका येताच क्षणही न दवडता पशुवैद्यास बोलवावे. वेळेवर मिळाल्यास सोडियम नायट्राइट व थायोसल्फेटच्या सुया जनावराचा जीव वाचवू शकतात.

दुसरी गोष्ट, बरसीम किंवा लसूणघास यांसारखे कोवळे, ओले चारे उपाशी पोटी भरपूर घातले तर जनावराचे पोट फुगते व ते दगावू शकते. आधी थोडा कडबा, मग मिसळलेला हिरवा चारा, हा क्रम पाळावा. तृणधान्याची सोबत येथे रक्षण करते.

तिसरी गोष्ट खास आपल्या तालुक्यासाठी. केळीच्या बागेत किंवा तिला लागून मका व चवळी लावू नये. या पिकांवर मावा पोसतो, आणि तोच केळीवर विषाणूचा रोग नेऊन पोचवितो. गोठ्याचे भले करताना बागेचे नुकसान व्हावयास नको.

घेतलेले परत देणे

चारा कापून नेला की चवळीने हवेतून मिळविलेले बहुतेक नत्र शेतातून गोठ्यात जाते; मुळांत राहते ते थोडे. ते परत शेतात यावयाचे, तर शेण व मूत्र यांच्याच वाटेने. सगळ्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या, तर ते नत्र चुलीच्या धुरावाटे उडून जाते. हॉवर्ड यांनी इंदूरलाच शेण, मूत्रमिश्रित माती व काडीकचरा थरांनी रचून खत करण्याची पद्धत बसविली व 1931 साली ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. ती 'इंदूर पद्धत' या नावाने देशोदेशी गेली. आपल्या घरापासून इतक्या जवळ जन्मलेली विद्या आपल्याच उकिरड्यावर दिसू नये, ही खेदाची गोष्ट होय.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वर्गातील मुलांसह एका शेताच्या बांधावर गेलो होतो. चवळीचे एक झाड हलक्या हाताने, मातीसह उपटले आणि पाण्यात धुतले. मुळांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठी होत्या. नखाने एक गाठ फोडताच आतून गुलाबी रंग दिसला. गाठ आतून गुलाबी असली तर जिवाणूंचे काम चालू आहे, आणि हिरवट वा करडी असली तर ते थांबले आहे, असे समजावे. हा प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा व वहीत चित्र काढावे.

त्या दिवशी तो विद्यार्थीही आमच्याबरोबर होता. आता त्यांच्या घरी पुन्हा बैल आला आहे. ज्वारीस फुलोरा येईपर्यंत त्याचे दावे तो रोज रात्री स्वतः तपासतो, असे त्याने सांगितले. आम्ही त्यास शाबासकी दिली. परीक्षेत या धड्यावर प्रश्न येणार नाही. पण ज्या घरात मुके जनावर आहे, त्या घरात हा धडा रोज सकाळी गव्हाणीपाशी विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या मुलांस ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा आहे.