मुक्यांसाठीं बोलणारे वृद्ध

शास्त्रपाठ : निर्गम ७:१-७, गणना २७:१-११, नीतिसूत्रें ३१:८, ९, लूक १८:१-८.

लक्षांत ठेवण्याचा मुद्दा : नोकरी संपली म्हणजे साक्ष संपली असें नाहीं. ज्याला स्वतःसाठीं कांहीं मागावयाचें उरलें नाहीं, त्यानें दुसऱ्यासाठीं मागावें.

आपल्या मंडळ्यांत दरवर्षीं कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी उपदेशक सेवानिवृत्त होतो. निरोपाची सभा होते, शाल व नारळ दिला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मनुष्य ओट्यावर बसून मनांत म्हणतो कीं, आतां आपला उपयोग काय? शरीर थकलें आहे हें खरें. तथापि त्याला अर्ज लिहितां येतो, कचेरीची रीत ठाऊक असते, आणि हातीं वेळ असतो. मजुरी बुडवून तालुक्याला जाणें ज्याला परवडत नाहीं, त्या गरिबाजवळ या तिन्हींपैकीं एकही गोष्ट नसते. देवानें त्या या वृद्धाजवळ कशासाठीं राखून ठेविल्या असतील, याचा आज आपण विचार करूं.

१. शास्त्राची शिकवण

मोशे फारोपुढें उभा राहिला तेव्हां तो ८० वर्षांचा व अहरोन ८३ वर्षांचा होता. मोशे मिद्यानांत सुखरूप होता. सासऱ्याचीं मेंढरें राखून त्याला उरलेलें आयुष्य निवांत घालवितां आलें असतें. वेठीखालीं कण्हत होते ते त्याचे भाऊबंद. आपली जीभ जड आहे अशी सबब त्यानें सांगितली, तेव्हां देवानें ती सबब मानिली नाहीं, पण जोडीदार दिला. यावरून दोन गोष्टी शिकाव्या : म्हातारपण ही सबब नव्हे, आणि अधिकाऱ्याकडे एकट्यानें न जातां जोडीनें जावें.

सलाफहादाच्या पांच कन्यांची गोष्ट पाहा. त्यांना भाऊ नव्हता, म्हणून बापाचें वतन जाणार होतें. त्यांनीं दंगा केला नाहीं व त्या गप्पही बसल्या नाहींत. दर्शनमंडपाच्या दाराशीं मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभें राहून त्यांनीं आपलें म्हणणें थोडक्यांत मांडिलें. त्यांचें बोलणें यथार्थ आहे असा देवानें निर्णय दिला, आणि पांच बहिणींच्या विनंतीवरून सर्व इस्राएलासाठीं नियम झाला. न्यायाची विनंती करणें हा उद्धटपणा नव्हे, हें येथें दिसतें.

लूक १८ मधील विधवेजवळ पैसा नव्हता, कोणाची शिफारस नव्हती. पुन्हा पुन्हा जाणें एवढेंच तिच्याजवळ होतें, आणि तेवढ्यानें काम झालें.

२. क्लार्कसन व विल्बरफोर्स

आतां ज्यांनीं या शिकवणीप्रमाणें वागून दाखविलें अशा दोन इंग्रज ख्रिस्ती पुरुषांकडे वळूं. अठराव्या शतकांत इंग्रज जहाजें आफ्रिकेंतील माणसें विकत घेऊन वेस्ट इंडीज बेटांत उसाच्या मळ्यांवर राबविण्यासाठीं नेत असत. थॉमस क्लार्कसन यांनीं १७८५ सालीं केंब्रिज येथें या विषयावर लॅटिन भाषेंत निबंध लिहून बक्षीस मिळविलें. बक्षीस घेऊन लंडनला जातांना वाटेंत ते घोड्यावरून उतरून बसले. जें आपण लिहिलें तें खरें असेल, तर कोणी तरी याचा शेवट केला पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें.

पुढें त्यांनीं ब्रिस्टल व लिव्हरपूल बंदरांत खलाशांना भेटून साक्षी गोळा केल्या, आणि गुलामांना घालावयाच्या बेड्या दुकानांतून विकत आणून लोकांना दाखविल्या. आफ्रिकेच्या लोकांनीं विणलेलें कापड व त्यांच्या हातची कारागिरी ते एका पेटींत घालून बरोबर नेत, यासाठीं कीं, ज्यांना आपण जनावरांप्रमाणें विकतों ते कसे कुशल मनुष्य आहेत हें पाहणाऱ्यास कळावें. त्यांनीं गोळा केलेल्या पुराव्याच्या आधारानें विल्यम विल्बरफोर्स पार्लमेंटांत बोलत. १७९१ सालीं त्यांचा ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनीं पडला. त्यांनीं तो पुन्हा पुन्हा आणिला. शेवटीं १८०७ सालीं २८३ विरुद्ध १६ मतांनीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव मंजूर झाला.

व्यापार बंद झाला, पण जे गुलाम होते ते गुलामच राहिले. १८२३ सालीं क्लार्कसन ६३ वर्षांचे होते. आपलें काम आपण केलें असें म्हणून ते घरीं बसले असते, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु ते पुन्हा बाहेर पडले, आणि सुमारें १०,००० मैल प्रवास करून गांवोगांवीं लहान लहान मंडळ्या स्थापन करून पार्लमेंटाकडे अर्ज पाठविण्यास लोकांस उत्तेजन देत गेले. पुढच्याच वर्षीं ७०० हून अधिक अर्ज पार्लमेंटाकडे गेले.

विल्बरफोर्स यांनीं ४५ वर्षें सभासद राहिल्यावर १८२५ सालीं अशक्तपणामुळें पार्लमेंट सोडलें. एप्रिल १८३३ मध्यें मेडस्टन गांवीं गुलामगिरीविरुद्ध अर्ज करण्यासाठीं सभा भरली, तेथें ते बोलले. तेंच त्यांचें शेवटचें जाहीर भाषण. ज्यानें इतकीं वर्षें सभागृहांत बसून लोकांचे अर्ज घेतले, तो आतां दाराबाहेर अर्जदारांच्या रांगेंत उभा राहिला, आणि यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत स्त्रियांनीं १,८७,००० सह्यांचा अर्ज पाठविला. तो इतका जड होता कीं, सभागृहांत नेण्यास चार सभासद लागले. त्या स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता, पण सही करण्यास कोणी मना केलें नव्हतें! गुलामगिरी बंद करण्याचा कायदा आतां नक्की मंजूर होणार, हें विल्बरफोर्स यांना मरणाच्या तीन दिवस आधीं कळलें. २९ जुलै १८३३ रोजीं ते प्रभूकडे गेले.

येथें खरें सांगितलें पाहिजे. तो कायदा निर्दोष नव्हता. मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड देण्याचें ठरलें, राबणाऱ्यांना कांहींच मिळालें नाहीं. उलट उमेदवारीच्या नांवाखालीं त्यांस १८३८ सालापर्यंत जुन्या मालकांकडे राबावें लागलें. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर त्या कायद्यांतून वगळला होता. आपल्या देशासाठीं १८४३ सालीं निराळा कायदा झाला. म्हणजे एक अर्ज मंजूर झाला तरी दुसरा लिहावाच लागतो. क्लार्कसन हें जाणून होते. १८४० सालीं लंडन येथें जगांतील गुलामगिरीविरुद्ध परिषद भरली, तेव्हां ८० वर्षांचे क्लार्कसन तेथें येऊन बोलले.

३. हें काम आजही चालू आहे

अमेरिकेंत क्वेकर मंडळींनीं १९४३ सालीं वॉशिंग्टन शहरीं, जेथें देशाचे कायदे होतात तेथें, या सेवेसाठीं एक समिति स्थापिली. १९७४ सालीं आर्थर सायमन या लूथरन पाळकांनीं ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ ही संस्था उभी केली. तिच्या प्रेरणेनें पुष्कळ मंडळ्यांत भुकेल्यांच्या वतीनें कायदेकर्त्यांस पत्रें लिहितात, आणि तीं टपालांत टाकण्यापूर्वीं उपासनेंत दानाबरोबर प्रभूपुढें ठेवून प्रार्थना करितात. अशा कामांत निवृत्त स्त्रीपुरुष विनावेतन आपला वेळ देतात. पत्र हें दान होऊं शकतें, हा विचार आपणही मनांत धरण्याजोगा आहे.

४. आपल्या गांवीं

आपला देश लोकसत्ताक आहे. ग्रामसभेंत गांवच्या प्रत्येक मतदाराला बोलण्याचा हक्क आहे. आमदारास भेटतां येतें, खासदारास पत्र लिहितां येतें, आणि विधानसभेंत जनतेच्या अर्जांचा विचार करण्यासाठीं विनंती अर्ज समिति असते. मात्र जाणाऱ्यानें कांहीं नियम पाळावे.

पहिला : अगोदर ऐकावें, मग बोलावें. ज्याचें दुःख सांगावयाचें, त्याच्या घरीं जाऊन तें समजून घ्यावें व त्याची संमति घ्यावी.

दुसरा : डोळ्यांनीं पाहिलेलें व कागदानें सिद्ध होणारेंच लिहावें. एक आंकडा फुगविला, तर दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो.

तिसरा : अर्ज एका पानाचा असावा, मागणी एक असावी, आणि तिची पोंच घेऊन ठेवावी.

चवथा : मंडळीच्या नांवानें कोणत्याही पक्षासाठीं मतें मागूं नयेत. आज जो आमदार आहे तो उद्यां नसेल. विधवा मात्र तेथेंच असेल. ज्यानें आपलें ऐकिलें नाहीं त्याच्यासाठींही प्रार्थना करावी (१ तीमथ्य २:१, २).

पांचवा, आणि सर्वांत कठीण : केवळ आपल्यासाठीं मागूं नये. दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांचा प्रश्न आपल्या सर्वांस ठाऊक आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलतींतून ते वगळले गेले. १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. हें गाऱ्हाणें सलाफहादाच्या कन्यांप्रमाणें धीटपणानें व सभ्यपणानें मांडावें. त्यांत लाज नाहीं. परंतु ऊस तोडावयास जाणाऱ्या कुटुंबाचें पोर शाळेबाहेर राहतें, वस्तीवरच्या बायांना पाण्यासाठीं कोसभर चालावें लागतें, तेव्हांही आपण उठतों काय? नीतिसूत्रांत राजाच्या आईनें मुक्यासाठीं तोंड उघडण्यास सांगितलें, तेव्हां तो मुका कोणत्या धर्माचा हें तिनें विचारिलें नाहीं. आपण शेजाऱ्यासाठीं गेलों, तर आपल्यासाठीं जाऊं त्या दिवशीं आपला शब्द खरा वाटेल.

ज्या भावाबहिणीस यंदां निरोप मिळाला असेल त्यांनीं खचूं नये. क्लार्कसन यांचा दहा हजार मैलांचा प्रवास तिसष्टाव्या वर्षीं सुरू झाला. आपणांस कदाचित् तालुक्यापर्यंतच जावयाचें असेल. एक जोडीदार शोधा, एका घरचें गाऱ्हाणें ऐका, एक पान लिहा, तें रविवारीं प्रभूपुढें ठेवा, आणि सोमवारीं घेऊन निघा.

चर्चेसाठीं प्रश्न

१. मोशेनें कोणत्या सबबी सांगितल्या? आपण कोणत्या सांगतों?
२. सलाफहादाच्या कन्यांच्या बोलण्यांत आपण अनुकरण करावें असें काय आहे?
३. १८३३ चा कायदा अपुरा होता, तरी तो मिळविणें योग्य होतें काय? कारण सांगा.
४. आपल्या गांवांत ज्याचें कोणी ऐकत नाहीं असा कोण आहे? त्याच्याकडे या आठवड्यांत कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभो, आमचे केस पिकले, पण तुझें काम संपलें नाहीं. आम्हांस खरें बोलण्यास धैर्य, पुन्हा जाण्यास धीर, आणि शेजाऱ्याचें दुःख आपलें मानण्यास प्रेम दे. आमेन.