जुने स्क्रोल सॉ यंत्र : निगा आणि दोषनिदान

लाकूड सरळ कापणे हे साध्या करवतीचे काम. पण बैलाच्या शिंगाचा बाक, मोराचा पिसारा किंवा देव्हाऱ्याच्या जाळीतली पाकळी रुंद पात्याने कापता येत नाही. तिथे पाते दोऱ्यासारखे बारीक लागते आणि ते दोन्ही टोकांना ताणून धरावे लागते. हाताच्या फ्रेट सॉमध्ये हा ताण धनुष्याच्या आकाराची चौकट देते. स्क्रोल सॉ यंत्रात तेच काम दोन आडव्या भुजा करतात आणि हाताऐवजी मोटर पाते वर-खाली हलविते.

कला शाखेच्या वार्षिकांकात यंत्रावर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या नागपुरातच आहे. पिठोरी अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. भरीव बैल पटाशीने कोरतात, त्याची किंमतही तशीच असते. फळीतून कातरून चाकांवर उभा केलेला बैल मात्र साध्या घरालाही परवडतो. आमचे घर सुतारकामाचे. धरमपेठेतल्या एका खोलीत बाबा असे बैल करतात. त्यासाठी घेतलेले स्क्रोल सॉ जुने, दुसऱ्याच्या हातचे आहे. पोळ्याआधी आठ दिवस ते बंद पडले तर वर्षाची ही कमाई बुडते, कारण पोळा सरला की बैलाला गिऱ्हाईक नाही. म्हणून या यंत्राचा अभ्यास आम्हाला करावाच लागला.

थोडा पूर्वेतिहास पाहू. बारीक पात्याने लाकडाचे पातळ पापुद्रे कातरून जडावाचे काम करण्यात पॅरिसचा आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) प्रसिद्ध होता. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने फळीवर चिकटविलेला नकाशा देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोलाचे कोडे दिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालणारी यंत्रे अमेरिकेत घरोघर गेली. पायाच्या जागी मोटर आली, तरी चाकाच्या गोल फिरण्याचे वर-खाली चालीत रूपांतर करणे हे मूळ तत्त्व बदललेले नाही. बिघाड समजून घेताना हे तत्त्व ध्यानात ठेवावे. गोल गती जिथे सरळ होते आणि भुजा जिथे खिळीवर डुलतात, झीज मुख्यतः तिथेच होते.

घेताना काय पाहावे

आमचे यंत्र विकणाऱ्याने 'मोटर गेली' म्हणून स्वस्तात दिले. यंत्र भयंकर खडखडत होते, हे खरे. पण बाबांची रीत अशी : "आधी आवाज आयक, मंग हात लाव." प्लग काढून मोटर हाताने फिरवून पाहिली, ती मोकळी फिरली. मग वरची भुजा धरून आडवी हलविली, तेव्हा मागच्या खिळीपाशी खेळ जाणवला. दोष मोटरचा नव्हताच. बुश झिजले होते. लेथवाल्याकडून पितळी बुश करून बसविले आणि खडखड थांबली.

यावरून घेणाऱ्याने पुढील गोष्टी पाहाव्यात. भुजा आडवी हलते का? पाते धरणारे चिमटे आणि त्यांचे स्क्रू शाबूत आहेत का? पाते पिनचे लागते की साध्या टोकाचे? साधारणपणे पात्याची लांबी ५ इंच असते. पिनच्या पात्याला आत शिरण्यासाठी मोठे भोक पाडावे लागते, त्यामुळे बारीक जाळीसाठी साध्या टोकाचे पाते बरे. रंग उडाला असेल तर त्याची काळजी करू नये.

लक्षणावरून निदान

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. आमच्या वहीतील मुख्य नोंदी अशा :

१. पाते वारंवार तुटते. ताण फार कमी किंवा फार जास्त असतो, नाहीतर लाकूड जोराने रेटले जाते. ताणलेले पाते बोटाने छेडावे. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ सूर निघाला तर ताण ठीक, भद्द आवाज आला तर ढिले. तुटणे नेहमी चिमट्यापाशीच होत असेल, तर वरचा आणि खालचा चिमटा एका रेषेत आहेत का ते पाहावे.

२. पाते चिमट्यातून निसटते. नव्या पात्याला गंज लागू नये म्हणून तेल लावलेले असते. टोके पुसून पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करावीत. स्क्रूचे टोक गुळगुळीत झाले असेल तर त्यावरही एक हात मारावा.

३. पाते रेघ सोडून एका बाजूला जाते. हा बहुधा यंत्राचा दोष नसतो. साच्यात ठोकून केलेल्या पात्याची एक कडा जास्त खरखरीत असते, म्हणून ते तिकडे ओढते. लाकूड थोडे तिरपे धरून पुढे सारावे, हाताला सवय होते.

४. कड तिरपी कापली जाते. टेबल पात्याशी काटकोनात नसते. गुण्या लावावा. दुसरी खात्री अशी : जाड तुकड्यात थोडीशी खाच पाडावी, तुकडा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूने तीच खाच पात्याला लावावी. पाते अलगद बसले तर टेबल बरोबर आहे.

५. लाकूड करपते. पाते बोथट झालेले असते किंवा वेग जास्त असतो. आलापल्ली-बल्लारशाकडचा सागवान टिकाऊ खरा, पण त्यात वाळूसारखी सिलिका असते. त्यामुळे पात्याची धार लवकर जाते. सागवानावर पाते वेळेआधीच बदलावे. लाकडावर पारदर्शक चिकटपट्टी लावून कापल्यास करपणे कमी होते.

६. सारे यंत्र थरथरते. आधी तळाचे बोल्ट आवळावेत. स्टँड हलके असेल तर चारही पाय जमिनीला टेकतात का ते पाहावे, खाली रबर द्यावे.

७. मोटर नुसती घुंई करते, फिरत नाही. हाताने पाहून भुजा अडकलेली नसेल तर कपॅसिटर गेला असण्याचा संभव असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून हे काम वायरमनकडेच द्यावे. कार्बन ब्रशची मोटर असेल आणि ठिणग्या जास्त उडत असतील तर ब्रश झिजले असे समजावे.

नित्याची निगा

पोळा ऐन पावसाळ्यात येतो. त्या दिवसांत लोखंडी टेबल एका रात्रीत तांबूस होते आणि लाकूड त्यावर सरकेनासे होते. बारीक पॉलिश पेपरने गंज काढून मेण घासावे व कापडाने पुसावे. तेल लावू नये, त्याचे डाग लाकडावर उतरतात आणि रंग धरत नाही. भुजांच्या बुशला मात्र सुमारे ५० तास काम झाले की हलके तेल द्यावे. यंत्र एका कुशीवर निजवून तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे, मग दुसऱ्या कुशीवर तसेच करावे. स्विचमधला भुसा ब्रशने झाडावा. भुसा उडविणारी नळी तडकली असेल तर माशांच्या टाकीची नळी तिथे चालते.

धुळीबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केली. 'आम्ही जन्मभर याच भुशात वावरलो' हे वाक्य सुताराच्या घरात नेहमी ऐकू येते. तरीही तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि खोलीची खिडकी उघडी, एवढे हवेच. पाते बदलताना स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग यांत काटकसर करू नये.

आज लेझर यंत्रावर एका मापाचे शेकडो बैल झटपट निघतात. त्या वेगाशी जुन्या स्क्रोल सॉची बरोबरी होणार नाही. पण त्याचे बुश नागपुरात कुठल्याही लेथवर होते, पाते दोन मिनिटांत बदलते आणि दोष घरच्या घरी शोधता येतो. थोड्या भांडवलाच्या कारागिराला ही गोष्ट मोठी आहे. म्हणून 'मोटर गेली' असे ऐकून यंत्र भंगारात घालण्यापूर्वी प्लग काढावा, भुजा हलवून पाहावी, पाते छेडून ऐकावे आणि जे आढळेल ते वहीत लिहावे. पुढच्या हंगामात ती वही पुन्हा लागते.