कर्जफेडीचा विमा आणि लपविलेली दलाली
ब्रिटनमधील एका प्रकरणाचा अभ्यास

दलाली हा शब्द आपल्या पेठेत अपशब्द मानला जात नाही. अडत्या माल विकून देतो, हिशेबपट्टीवर आपली अडत स्वतंत्र ओळीत लिहितो, आणि माल आणणारा ती ओळ वाचूनच पैसे मोजून घेतो. अडत किती असावी याविषयी घासाघीस होते. ती आहे हे मात्र कोणी लपवून ठेवीत नाही. ही ओळ कागदावरून नाहीशी झाली म्हणजे व्यवहाराचे काय होते, याचे आपल्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील बँकांना व कर्ज देणाऱ्या पेढ्यांना २०११ ते २०१९ या नऊ वर्षांत सुमारे ३८ अब्ज पौंड ग्राहकांना परत करावे लागले. व्यापारी बंधूंनी हे प्रकरण बारकाईने अभ्यासावे, या हेतूने त्याची हकीकत येथे क्रमाने मांडली आहे.

विम्याचे स्वरूप

या विम्याचे नाव ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’, संक्षेपाने ‘पीपीआय’. ऋणको आजारी पडला, त्यास अपघात झाला किंवा त्याची नोकरी गेली, तर ठराविक महिन्यांपर्यंत त्याच्या कर्जाचे हप्ते विमा कंपनीने भरावेत, अशी त्याची योजना होती. मूळ कल्पनेत काहीच वावगे नव्हते. मासिक वेतनावर संसार चालविणाऱ्या माणसाला असा आधार हवासा वाटणे स्वाभाविकच होय.

वैयक्तिक कर्ज, घरावरील कर्ज, क्रेडिट कार्ड अशा प्रत्येक व्यवहारास हा विमा जोडून विकला जाई. अशी विमापत्रे ६ कोटी ४० लाखांपर्यंत विकली गेली, आणि त्यांतील बहुसंख्य १९९० ते २०१० या काळातील होती, असे तेथील वित्तनियामक संस्थेने नमूद केले आहे.

दोष कोठे होता

दोष विक्रीच्या रीतीत होता. कित्येकांना, विमा घेतल्यावाचून कर्ज मंजूर होणार नाही, असे सांगण्यात आले; वस्तुतः तशी सक्ती नव्हती. कित्येकांच्या अर्जावर विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असे, आणि आपण विमा घेतला आहे हे त्यांच्या गावीही नसे. स्वतंत्र धंदा करणाऱ्यास नोकरी जाण्याविरुद्धचा विमा विकला गेला. ज्यास पूर्वीपासूनच व्याधी जडलेली, त्यास आजाराविरुद्धचा. अशा माणसांनी पुढे मागणी केली की शर्तींवर बोट ठेवून ती नाकारली जाई. सारांश, हप्ते नियमित घेतले जात होते; परंतु लाभ मिळण्याचा मार्ग आरंभापासूनच बंद होता.

बँकांचा ओढा या विम्याकडे का असावा, याचे उत्तर दलालीत आहे. कर्जाच्या व्याजदरात पेढ्यांची स्पर्धा असल्याने तेथे नफा बेताचा राही. ग्राहक व्याजदराची चौकशी चार ठिकाणी करी. विम्याची मात्र कोठेच करीत नसे. म्हणून तेथील नफा मोठा होता.

एकरकमी हप्त्याचे गणित

सर्वांत हानिकारक प्रकार होता एकरकमी हप्त्याचा. विम्याचा संपूर्ण हप्ता आरंभीच मुद्दलात मिळविला जाई आणि त्यावरही कर्जाइतकेच व्याज चढे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकाने ५,००० पौंड कर्ज दरसाल १० टक्के दराने पाच वर्षांकरिता घेतले. विम्याचे १,००० पौंड मिळवून मुद्दल ६,००० झाले. केवळ त्या हजार पौंडांपोटी त्यास दरमहा सुमारे २१ पौंड २५ पेन्स, म्हणजे साठ महिन्यांत सुमारे १,२७५ पौंड भरावे लागतील. हजाराचा विमा असा पावणेतेराशेंना पडला.

परताव्याचे गणित याच्या उलट दिशेने चाले. ग्राहकाने विम्यापोटी भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत करावयाची, आणि प्रत्येक हप्ता भरल्याच्या दिवसापासून त्यावर दरसाल ८ टक्के सरळव्याज द्यावयाचे, अशी रीत ठरली. वरील कर्ज फिटून पाच वर्षे लोटल्यावर निवाडा झाला असे धरल्यास १,२७५ पौंडांवर सुमारे ७६० पौंड अधिक होतात. म्हणजे हजार पौंडांच्या विक्रीपोटी पेढीला दोन हजारांहून अधिक परत करावे लागतात. (आठ टक्क्यांच्या रकमेवर प्राप्तिकर लागू होता, तो बहुधा आधीच कापून घेतला जाई.)

न्यायाची वाटचाल

हे सर्व एका दिवसात उघडकीस आले नाही. नागरिकांना विनामूल्य सल्ला देणाऱ्या ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या संस्थेने आपल्या केंद्रांत आलेल्या तक्रारी संकलित करून सप्टेंबर २००५ मध्ये सरकारी व्यापार-देखरेख कार्यालयाकडे रीतसर तक्रार दाखल केली. पुढे स्पर्धा आयोगाने चौकशी केली. २०११ च्या आदेशाने कर्जविक्रीच्या वेळीच हा विमा विकण्यास बंदी आली, मध्ये सात दिवसांचे अंतर ठेवणे भाग पडले, आणि एकरकमी हप्त्याची पद्धत बंद झाली.

त्याआधी २०१० च्या ऑगस्टमध्ये वित्तनियामकाने जुन्या विक्रीच्या तक्रारी कशा सोडवाव्यात याचे नियम घातले. बँकांच्या संघटनेने त्यांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. २० एप्रिल २०११ रोजी संघटना हरली, आणि मे महिन्यात तिने अपिलाचा विचार सोडला. लॉइड्स या बँकसमूहाने त्याच महिन्यात परताव्यासाठी ३.२ अब्ज पौंड बाजूस काढले. तो आकडा पुढे कितीतरी पटींनी वाढला. तक्रारींची वासलात नीट न लावल्याबद्दल याच समूहास जून २०१५ मध्ये ११ कोटी ७० लाख पौंड दंड झाला. प्रथम चूक केली त्याची किंमत एक, आणि चूक दाखविणाऱ्यास परतवून लावले त्याची निराळी.

परतावा मागण्याची रीत

रीत साधी होती. ग्राहकाने प्रथम त्या पेढीस पत्र लिहावयाचे : कर्ज केव्हा घेतले, विम्याविषयी काय सांगितले गेले, आपला व्यवसाय व प्रकृती त्या वेळी कशी होती. पेढीने आठ आठवड्यांत उत्तर द्यावे. उत्तर असमाधानकारक असल्यास सहा महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जावे. तेथे ग्राहकास काही शुल्क नाही, आणि त्याचा अंतिम निर्णय ग्राहकाने स्वीकारल्यास पेढीवर बंधनकारक होई. ऋणको मृत झाला असल्यास त्याच्या मिळकतीच्या वतीनेही मागणी करता येई.

तरीही असंख्य लोक दावे चालविणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांकडे गेले. ज्या कामास एक पत्र पुरे होते, त्याकरिता मिळालेल्या रकमेचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक या कंपन्या घेत. जुलै २०१८ पासून कायद्याने ही मर्यादा २० टक्के, अधिक त्यावरील कर, अशी ठरविली. दलालीने पोळलेला मनुष्य न्याय मागताना पुन्हा दलालीच भरू लागला, ही या कथेतील खेदाची बाब होय.

मागणीची अखेरची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली. एकंदर ३ कोटी २० लाखांहून अधिक तक्रारी आल्या.

दलालीचा निवाडा

या प्रकरणातील मर्म एका खटल्यात सापडते. एका विधवा अध्यापिकेने २००६ मध्ये ३४,००० पौंड कर्ज दहा वर्षांकरिता घेतले. त्यास जोडलेल्या विम्याचा हप्ता ५,७८० पौंड होता, आणि संरक्षण मात्र पाचच वर्षांचे. या हप्त्यापैकी विमा कंपनीच्या हाती पडले १,६३० पौंड. उरलेले ४,१५० पौंड, म्हणजे शेकडा ७१.८, मध्यस्थ आणि कर्ज देणारी पेढी यांनी दलाली म्हणून वाटून घेतले. बाईंना यातील आकडा कोणी सांगितला नाही.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. लॉर्ड सम्प्शन यांच्या विवेचनाचा आशय असा की, दलाली घेणे गैर नाही. परंतु ती एवढी मोठी असेल की तिच्याविषयी ग्राहकास अंधारात ठेवल्यावर संबंध न्याय्य म्हणताच येऊ नये, अशी एक सीमा असते, आणि येथे ती कितीतरी ओलांडली गेली होती. पुढे नियामकाने, ५० टक्क्यांहून अधिक दलाली लपविली असल्यास वरचा भाग परत करावा, असा सर्वसाधारण दंडक घातला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. दलाली हेतुतः लपविली गेली असेल, तर ग्राहकास ती कळेपर्यंत, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती तोपर्यंत, मुदतीचा काळ मोजला जाणार नाही. लपविलेला व्यवहार जुना झाला म्हणून शिळा होत नाही, असाच याचा अर्थ.

आपणांस बोध

आपल्या देशातही कर्जास विमा जोडून देण्याची चाल आहे, आणि आपल्यापैकी अनेकजण कधी ऋणको म्हणून तर कधी विक्रेते म्हणून तिच्याशी संबंधित आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ तसेच सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या मुदती कर्जांना मुख्य बाबींचे एक विवरणपत्र जोडावे लागते. विम्यासारखे खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यात दाखवावा लागतो. आणि जो आकार त्यात नाही, तो ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. म्हणून कर्ज घेताना पुढील चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

१. हे विवरणपत्र मागून घ्यावे, आणि वार्षिक दर विम्यासह व विम्यावाचून किती पडतो हे दोन्ही विचारावे.
२. विमा ऐच्छिक आहे की सक्तीचा, याचे उत्तर लेखी घ्यावे.
३. हप्ता मुद्दलात मिळविला आहे काय, आणि विम्याची मुदत कर्जाच्या मुदतीइतकी आहे काय, हे पाहावे.
४. कर्ज फिटले तरी कागद फाडू नयेत. ब्रिटनमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा करार ज्याच्या कपाटात सापडला, त्याचे काम सुकर झाले.

हे झाले ऋणकोपुरते. परंतु आपण बहुतांशी विकणारे आहोत. दुसऱ्याची वस्तू, दुसऱ्याचे कर्ज, दुसऱ्याचा विमा आपल्या पेढीवरून जातो आणि त्यात आपला वाटा असतो. तो वाटा ग्राहकाला दिलेल्या कागदावर स्वतंत्र ओळीत लिहिलेला आहे काय, हे प्रत्येकाने यंदाच्या वहीपूजनापूर्वी एकवार तपासून घ्यावे.